गाडी लागली का?

शनिवारी दुपारी तोक्योतल्या शिंजुकूला एक काम होतं. ते अर्ध्या तासात उरकलं आणि पाय आपसूक रेल्वे स्टेशनच्या दक्षिण दरवाज्यासमोरच्या बास्ता बसस्टँडकडे वळले. जायचं कुठेच नव्हतं, पण तिथला बोर्ड वाचत उभं राहायला मला आवडतं. मात्सुमोतो, इइदा, कावागुचिको, नागोया, ओसाका. नावं सरकत वर जातात, खाली नवी उगवतात. फुकटची करमणूक.

बास्ता शिंजुकू म्हणजे तोक्योचा मोठा लांब पल्ल्याचा बसस्टँड. गाड्या सुटतात चौथ्या मजल्यावरून. खाली रेल्वेचे रूळ, तिसऱ्या मजल्यावर येणाऱ्या गाड्या आणि टॅक्स्या, वर आपण. एवढं धूड वळणं घेत चौथ्या मजल्यावर चढतं आणि दाराशी येऊन अलगद टेकतं, हे अजून माझ्या पचनी पडत नाही. स्टँड म्हटला की जमिनीवर हवा, मधे पावसाचं डबकं हवं आणि ते चुकवत धावणारा बाप्या हवा.

२०१६च्या एप्रिलपर्यंत इथल्या गाड्या स्टेशनच्या आसपास एकोणीस ठिकाणांहून सुटायच्या म्हणे. गाडी गाठायची तर आधी थांबा शोधा. मग सगळं एका छपराखाली आणलं. सुटायचे फलाट बाराच, आणि गर्दीच्या दिवशी दीड हजाराच्या वर गाड्यांची ये-जा. त्यामुळे गाडी फलाटाला लागते ती जेमतेम काही मिनिटं. पांढरे हातमोजे घातलेला ड्रायव्हर उतरतो, हातातल्या यादीशी नाव ताडून बघतो, बॅग पोटात सरकवतो, कमरेत वाकतो. दार बंद. घड्याळात नऊ म्हणजे नऊ.

सगळा कारभार गृहीत धरतो की माणूस दहा मिनिटं आधी येईल आणि जाईल. खुर्च्या बेताच्याच. उघडल्यावर पहिलं वर्षभर तर आत साधं कॉन्बिनी, म्हणजे खाण्यापिण्याचं छोटं दुकानही नव्हतं. लोकांनी ओरड केली तेव्हा २०१७मध्ये एक आलं.

आणि इथेच माझी पंचाईत होते, कारण मी तास-दीड तास आधी पोचणाऱ्या घराण्यातला आहे.

आमचे आप्पा सकाळी सातच्या गाडीला साडेपाचला स्टँडवर हजर. आम्ही दोघं भावंडं डोळे चोळत, आई दशम्यांची पिशवी सांभाळत. पोचल्या पोचल्या आप्पा चौकशीच्या खिडकीत डोकं घालून विचारणार, "गाडी लागली का?" कंट्रोलर मान वर न करता म्हणणार, "लागंल." तेवढ्यावर आप्पांचं समाधान नाही. मग पेपरवाला, मग शेंगदाणेवाला, मग उगाच उभा असलेला एखादा कंडक्टर. प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि त्या सगळ्यांची सरासरी काढून आप्पा आम्हाला एका फलाटावर उभे करायचे. गाडी हमखास दुसऱ्याच फलाटावर लागायची. मग पळापळ. गाडी पुरती थांबायच्या आत त्यांचा निळ्या काठाचा रुमाल खिडकीतून आत, सीटवर. त्या रुमालाला गावात कोर्टाच्या स्टे ऑर्डरइतका मान होता. एकदा एका आजोबांनी तो उचलून नाक पुसलं आणि परत ठेवला. सीट मात्र आमचीच राहिली.

इथे सीटचा नंबर तिकीट काढतानाच ठरलेला. रात्रीच्या गाडीत तर तीन सुट्या सीटची रांग, प्रत्येकाला पडदा, दिवे बंद झाले की कुजबुजही नाही. रुमाल टाकायचा कुठे? तरी मी आपला तासभर आधी. एकदा शेजारच्या आजींनी आपणहून विचारलं, गाडी चुकली का? सुटायला अजून तास आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

खरं तर थांबणं ही या भागाची जुनी विद्या. स्थानकासमोरून जातो तो कोशू काइदो, एदो काळातला हमरस्ता. जुन्या शहराच्या मध्यावरच्या निहोनबाशी पुलावरून निघालं की पहिला मुक्काम ताकाइदोला, चांगला सोळाएक किलोमीटरवर. फार लांब पडतो म्हणून १६९८मध्ये मधेच इथल्या मुक्कामाच्या गावाला परवानगी मिळाली. घोडे बदला, चहा प्या, टेका. लोक टेकले ते इतके की सरायांमधून भलतेच धंदे फोफावले आणि १७१८मध्ये गावच बंद करण्यात आलं. पुन्हा उघडलं ते थेट १७७२मध्ये. आताच्या मोजक्या खुर्च्यांमागे तो धडा असावा, असा मला दाट संशय आहे. (पुरावा शून्य.)

शनिवारी बोर्डावर खाली कुठेतरी हाकाता आलं. म्हणजे दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरच्या फुकुओका शहराची गाडी. अकराशे किलोमीटरच्या आसपास, चौदा तासांच्या वर. रात्री इथे बसायचं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आली की क्यूशूत उतरायचं. आप्पांना ही गाडी कळली असती तर ते आदल्या दिवशीच येऊन बसले असते.

घरी येऊन हिला म्हटलं, एकदा हाकाताच्या गाडीने जाऊया. ही म्हणाली, विमानाने दोन तास लागतात. खरंय. पण त्या विमानासाठी तासभर आधी जाऊन बसावं लागतं, ते हिला चालतं.