मनीप्लांटची छाटणी : वटपौर्णिमा ते दिवाळी

वटपौर्णिमेच्या सुमारास

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या घरी पूर्वेच्या खिडकीत टांगलेला मनीप्लांट पार फरशीला टेकला होता. येणारे-जाणारे लांबीचं कौतुक करायचे, पण स्टुलावर चढून कुंडीत डोकावलं तर वर नुसत्या उघड्याबोडक्या दांड्या. पानं सगळी शेवटच्या हातभरात, तीही लहान. वेल लोंबता ठेवला की हे होणारच. हाच मनीप्लांट भिंतीला किंवा मॉसच्या (शेवाळ गुंडाळलेल्या) काठीला मुळं रोवून वर चढला की पानं मोठी होत जातात. खाली सोडला की बारीक होत जातात.

मे महिन्यात हात आवरला होता. इंदूरला तेव्हा पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठणठणीत. कापलेलं टोक वाळत जातं आणि डोळे, म्हणजे नवा फुटवा येण्याच्या कळ्या, मुकाट बसून राहतात. पाऊस लागला की हवेत ओल येते, रात्री उबदार राहतात, तेव्हा फुटवा पटकन येतो. नर्सरीवाल्याला विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं : "अरे भिया, काट दो, फिर आ जाएगी." म्हणणं खरं आहे, पण कुठे कापायचं ते तो सांगत नाही.

घरातून मंजुरी मात्र लगेच मिळाली. मनीप्लांट खाली लोंबणं वास्तूच्या दृष्टीने बरं नाही, असं आत्या केव्हापासून म्हणतच होती.

कुठे कापायचं

पानाचा देठ दांडीला मिळतो तिथे एक वाळकं, पातळ आवरण असतं. ते नखाने अलगद सारलं की आत तांदळाच्या कणीएवढा फिकट डोळा दिसतो. तिथेच पेऱ्यावर एक तपकिरी उंचवटाही असतो, तो हवाई मुळाचा. पान गळून गेलेल्या पेऱ्यावरही डोळा असतो. गोल व्रण राहतो, त्याच्या जरा वर बघा. दांडी किंचित खरवडून आत हिरवी निघाली म्हणजे डोळाही बहुधा जिवंत आहे. म्हणून बोडक्या दांड्या टाकून देऊ नयेत.

कात्री पेऱ्याच्या वर अर्धा-एक सेंटिमीटर सोडून चालवायची. लांब खुंट ठेवला तर तो वाळत, काळा पडत मागे येतो आणि दिसायलाही वाईट दिसतो.

आता मुद्द्याचं. वेलाच्या शेंड्यात ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक तयार होतं आणि ते खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा काढला की दाब जातो, पण जागे होतात ते कापल्याच्या लगेच खालचे एक-दोन डोळे. टोक खुडलं तर फुटवा टोकाशीच येणार, कुंडी वर टकलीच राहणार. कुंडी भरायची असेल तर काळीज घट्ट करून कुंडीजवळच कापायला हवं. मी कुंडीच्या काठाशी दोन-तीन पेरी ठेवून बाकी वेल उतरवले. सगळे एकदम नाही. निम्म्यांना हात लावला नाही, कारण मुळांना पोसायला काही पानं शिल्लक हवीतच.

कात्री आधी स्पिरिटने पुसली. याच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, हात खाजतात. घरात मांजर असेल तर तुकडे जमिनीवर ठेवू नका. चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते.

छाटणीनंतरचे लाड

मला खरं बोलायचंय ते यावर. छाटणी झाली की लोकांना दया येते. मग त्याच दिवशी कुंडी बदलतात, खत घालतात, वर तांब्याभर पाणी. झाडाला यातलं काहीच नको असतं. पानं निम्मी झाली म्हणजे पाणी उडणंही तेवढंच घटलं, पण मुळं आहेत तेवढीच. पूर्वीच्याच हिशोबाने पाणी घातलं तर कुंडी ओलीच्या ओली राहते, आणि मनीप्लांट तहानेपेक्षा असल्या ओलीनेच जास्त मरतात.

पावसाळ्यात सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकलेला दिसतो ना, तो दव नव्हे. मुळं पाणी वर ढकलतात, दमट हवेत ते उडत नाही, मग टोकातून बाहेर येतं. छाटणीनंतर राहिलेल्या पानांवर हे थेंब जास्तच दिसू लागले. मला ती खूण पुरली. त्या दिवसापासून वार धरून पाणी घालणं बंद. कुंडी खालून उचलून बघायची, हलकी लागली आणि वरची दोन बोटं माती कोरडी असली तरच घालायचं.

माळव्याच्या काळ्या मातीचा इथे आणखी एक जाच. शेतात सोनं, कुंडीत वीट. भिजली की फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि पाणी काठाने निसटून जातं. माझ्या मिश्रणात ती मूठभरच असते. बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू आणि घरचं कंपोस्ट. ओला-सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय या शहराला आता इतकी लागली आहे की कंपोस्टचा कच्चा माल कधी कमी पडत नाही. पण हे मिश्रण आधीपासूनच कुंडीत होतं. छाटणी आणि कुंडी बदलणं एकाच दमात नको, मध्ये महिनाभर जाऊ द्या.

खत तर फुटव्याचं दुसरं पान उलगडेपर्यंत नाहीच. नंतर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, तेही ओल्या मातीत.

उतरवलेल्या वेलांचं काय

चांगल्या वेलांचे एका-एका पेऱ्याचे तुकडे केले. पेरं नसलेलं नुसतं पान पाण्यात ठेवलं तर त्याला कधीकधी मुळं येतात, पण वेल कधीच होत नाही; डोळाच नाही तर फुटणार काय? बाटलीत मुळं सुटलेली बघायला मजा येते, मात्र पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, मातीत गेल्यावर रुळायला वेळ घेतात. मी बहुतेक तुकडे सरळ त्याच कुंडीच्या बोडक्या भागात खोचले. एक लांब वेल मातीवरच वेटोळं करून ठेवला आणि पेऱ्यापाशी आईच्या जुन्या केसांच्या आकड्यांनी दाबून टाकला. प्रत्येक पेरं मुळं धरतं आणि वरून पान काढतं. कुंडी भरायला याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही.

तसं बघितलं तर हे झाड कात्रीवरच जगलंय. मूळचं पॅसिफिकमधल्या मोओरेआ बेटाचं, 1880 मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. जिबरेलिन हे संप्रेरक बनवण्यातल्या दोषामुळे याला फूल जवळजवळ येतच नाही. मग बी कुठलं? आपल्याकडचा वेल हा कुणीतरी, कुठेतरी तोडलेल्या फांदीचाच. चोरून आणलेला मनीप्लांट चांगला लागतो म्हणतात, ते बहुधा यामुळेच पचतं.

गणपती ते अनंत चतुर्दशी

फुटवे आले. दोन वेलांवर पिवळी छटा गायब, पानं पूर्ण हिरवी. हिरवा भाग जोमाने वाढतो आणि पिवळ्या-हिरव्या चित्र्या भागाला मागे टाकतो, म्हणून ते दोन्ही, दांडीवर पिवळी रेघ दिसते त्या पेऱ्यापर्यंत मागे कापले. कुंडीही खिडकीच्या आणखी जवळ सरकवली, ऊन थेट न लागेल अशी.

पानांच्या बगलेत एक-दोन ठिकाणी पिठ्या ढेकूण सापडले. पानं विरळ झाल्यामुळेच दिसले, नाहीतर दडून राहिले असते. कापसाच्या बोळ्याने पुसले, मग लिटरला 5 मिली नीमतेल आणि साबणाचे थेंब, संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या झांक्यांच्या (देखाव्यांच्या मिरवणुकीच्या) रात्री घर रिकामं होतं, तोवर वास गेला.

राहिलेले निम्मे वेल त्यानंतर उतरवले, नवरात्राच्या आत.

दिवाळी

वरून बघितलं तर माती दिसत नाही. वेल कुंडीच्या काठाखाली वीतभर आलेत. थंडीत इंदूरचा पारा रात्री दहाच्या खाली उतरतो, वाढ थांबते, तेव्हा आता कात्री बंद. कुंडी खिडकीच्या काचेपासून हातभर आत, पाणी आणखी कमी, ओल्या फडक्याने पानं पुसणं एवढंच काम. पुढची छाटणी रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाल्यावर, तेव्हा एक वेल काठीवर चढवून त्याची पानं किती मोठी होतात ते बघायचंय.