नोस्फेरातूचा किल्ला: रात्री जाऊ नका, तिथे रात्र नव्हतीच

८५ युरो. आधी हे लिहून मोकळी होते, कारण पुढचं बरंचसं या आकड्याच्या रागातच लिहिलं जाणार आहे.

'नोस्फेरातू' या जुन्या पिशाच्चपटाच्या चित्रीकरणाच्या जागा बघायला मी आणि माझा मावसभाऊ निघालो होतो. स्लोव्हाकियात क्राल्योवानी नावाचं जंक्शन आहे. तिथे मोठी गाडी सोडून ओराव्याच्या किल्ल्याकडे जाणारी छोटी गाडी धरायची होती. फलाटावर गाडी नव्हती, खांबाला एक कागद चिकटवलेला होता. त्यावर 'नाह्राद्ना औटोबुसोवा दोप्रावा' असं काहीतरी. आम्ही दोघांनी तो बघितला, फोन काढून अर्थ बघायचा कंटाळा केला आणि बाहेर उभ्या असलेल्या एकुलत्या एक टॅक्सीत बसलो. मीटर नव्हता. भाव उतरल्यावर कळला: तेच ८५ युरो. तीस किलोमीटरसुद्धा नाही हो ते! परतताना एका तिकीट तपासनीसाने समजावलं, की त्या कागदाचा अर्थ 'रेल्वेऐवजी बस', ती स्टेशनाबाहेरूनच सुटते आणि आपलं रेल्वेचंच तिकीट तिला चालतं. म्हणजे आम्ही टॅक्सीत सॅक कोंबत होतो तेव्हा आमची बस इमारतीच्या पलीकडे उभी असणार. ते तीन शब्द पाठ करून जा. 'धन्यवाद' नंतर शिकलात तरी चालेल.

मी बर्लिनला असते. मावसभाऊ पुण्यात एडिटिंग करतो, दहा दिवसांसाठी आला होता, आणि त्याला म्युझियम नको होतं, शॉपिंग नको होतं. फक्त 'नोस्फेरातू' जिथे जिथे चित्रित झाला त्या जागा बघायच्या होत्या. १९२२ चा मूकपट, जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊने दिग्दर्शित केलेला. तुम्ही बघितला असेल असं धरून चालते. नसेल तर जाण्याआधी बघा, पण निळ्या-पिवळ्या छटा असलेली प्रत बघा, निव्वळ काळीपांढरी नको. आमची निम्मी फजिती त्या काळ्यापांढऱ्या प्रतीमुळेच झाली.

पहिली गोष्ट: रोमानियाला जाऊ नका. गोष्ट ट्रान्सिल्व्हानियातली आहे म्हणून लोक ब्रानच्या किल्ल्यावर गर्दी करतात. जा खुशाल, पण या चित्रपटाचा एकही दगड तिथला नाही. १९२१ साली मुर्नाऊची मंडळी उत्तर स्लोव्हाकियात गेली: ओराव्याचा किल्ला, व्रात्नाची दरी, वाह नदी, उंच तात्रा, आणि स्तारी ह्राद नावाचा एक पडका किल्ला. गावातले प्रसंग जर्मनीत, मुख्यतः विस्मार आणि ल्युबेकमध्ये. घरातलं आतलं सगळं बर्लिनमधल्या योहानिस्टालच्या स्टुडिओत. बर्लिन-प्राग-झिलिना असा रेल्वेने प्रवास केला तर स्लोव्हाकियाचा भाग तीन दिवसांत होतो. दोन दिवसांत होतो असं ज्याने लिहून ठेवलंय त्याच्याकडे गाडी असणार.

ओराव्याचा किल्ला मात्र पैसे वसूल आहे. नदीच्या काठावरून सरळ शंभर मीटरहून उंच उठलेला कडा आणि त्याच्या डोक्यावर तीन टप्प्यांत रचलेला किल्ला: खालचा, मधला, वरचा. खालून बघितला की चित्रपटातला तो पहिला दर्शनाचा शॉट जसाच्या तसा. आत मार्गदर्शकासोबतच सोडतात, आणि आमचा मार्गदर्शक फक्त स्लोव्हाक बोलत होता. हातात इंग्रजी कागद देतात तो वाचत मागून चालायचं. जिने खूप आहेत. राजगडाचा बालेकिल्ला चढलेल्याला काही वाटणार नाही, पण कागद वाचत, मोबाईल धरत, पुढच्या घोळक्याच्या पाठी बघत चढायचं म्हणजे पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

आता मुख्य चूक. भावाने कुठेतरी वाचलं होतं, की 'ओराव्याला संध्याकाळी जा, माहोल येतो.' त्याच्या डोक्यात ते बसलंच. बरोबर आहे, काऊंट ओरलोक, म्हणजे चित्रपटातलं पिशाच्च, मध्यरात्री दार उघडतो, मग आपणही अंधार पडताना जायला नको का? पहिल्या दिवशी त्या टॅक्सीतून आम्ही पोचलो ते शेवटचा प्रवेश संपल्यावर. बंद दरवाजा बघून खालच्या खानावळीत बटाट्याच्या गोळ्यांवर मेंढीचं चीज खाल्लं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेलो, आणि कमानीखाली उभं राहून भावाने फोनवर तो प्रसंग लावला. घराच्या व्यवहारासाठी आलेला तरुण हुट्टर आत येतो, समोरच्या काळ्या बोगद्यातून ओरलोक हळूहळू बाहेर येतो. फोनकडे बघितलं, समोर बघितलं. चित्रातला उजेड आमच्याच डोक्यावर पडत होता. दिवसाचा, लख्ख.

"ताई," भाऊ म्हणाला, "हे सगळं उन्हात शूट केलंय."

नंतर विचार केला तर यात आश्चर्य काहीच नाही. त्या काळची फिल्म उजेड टिपायला इतकी मंद होती की उघड्यावर रात्री चित्रण करायचं तर दिव्यांची फौज लागली असती, आणि निर्मिती संस्था प्राना-फिल्म ही अगदी नवी, हात आखडून चालणारी. फ्रित्झ आर्नो वाग्नर या छायाचित्रकाराकडे कॅमेरा एकच होता, त्यामुळे मूळ निगेटिव्हही एकच. (त्याच सुमारास आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर चित्रपट काढत होते, तेव्हा एका कॅमेऱ्याचं फार कौतुक मी करणार नाही.) तर दिवसा शूट करायचं, आणि मग प्रतीला रंगात बुडवायचं: निळा म्हणजे रात्र, पिवळट म्हणजे दिवस किंवा दिव्याची खोली, गुलाबी म्हणजे पहाट. १९२२ च्या प्रेक्षकाला निळं दिसलं की रात्र कळत होती. पुढे ज्या प्रती फिरल्या त्यातल्या कितीतरी नुसत्या काळ्यापांढऱ्या होत्या. निळा गेला, आणि सूर्यप्रकाशाने मरणारं भूत भर दुपारी काखेत शवपेटी धरून गावातून फिरताना दिसू लागलं. लोक हसले. आमच्या भावाने हसण्याऐवजी संध्याकाळचा बेत आखला.

गंमत म्हणजे, पिशाच्च उन्हाने मरतं ही कल्पना याच चित्रपटाची. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काऊंट दिवसा हिंडतो, फक्त त्याची ताकद कमी झालेली असते. ज्या कादंबरीची परवानगी न घेता गोष्ट उचलली तिच्यात नसलेलं एक मरण यांनी लिहिलं, आणि तेच पुढे सगळ्या जगाने घेतलं.

हे सगळं कळल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? स्तारी ह्रादला सकाळी गेला असता. आम्ही तिसऱ्या प्रहरी निघालो, कारण खानावळीत सूप यायला उशीर झाला आणि भाऊ म्हणाला, शेवटचा शॉट आहे तो, पडक्या किल्ल्याचा, त्याला तरी संध्याकाळ शोभेल. मी हो म्हणाले. ही चूक माझी.

झिलिनाहून लोकल गाडीने स्त्रेच्नोला उतरायचं. लाल पट्ट्यांची वाट धरायची. स्लोव्हाकियात खुणा उत्तम आहेत आणि पाट्यांवर किलोमीटर नसतात, वेळ लिहिलेला असतो. तो वेळ कोरड्या वाटेचा आहे, हे पाटी सांगत नाही. चढताना काही वाटलं नाही. बीचचं जंगल, खाली वाह नदीचं मोठं वळण, वर कड्याच्या टोकाला भिंतींचे उभे तुकडे. पंधरा मिनिटं बसलो, फोटो काढले. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता, सूर्य पावणेसहाला गेला.

उतरण्याबद्दल आता सविस्तर. सकाळी पाऊस झाला होता. बीचची पानं घोट्यापर्यंत साचलेली, आणि पानांखाली काय आहे ते कळत नाही: कधी मूळ, कधी चुनखडीचा गुळगुळीत दगड. आपल्या सह्याद्रीतला काळा कातळ ओला झाला तरी बूट कुठेतरी चावतो. चुनखडी ओली झाली की अंगाचा साबण. मी तीनदा बसले. तिसऱ्यांदा बसले ती उठलेच नाही, चार-पाच हात तशीच घसरत गेले आणि एका झाडाला पाय लावून थांबले. उजव्या तळहाताचं कातडं गेलं. दोघांत मिळून एक हेडलाईट, ती भावाच्या कपाळावर. तो पुढे बघायचा तेव्हा मला अंधार, मागे वळून माझ्यावर धरायचा तेव्हा मी आंधळी. त्यात खाली रेल्वे आहे. गाडी गेली की आवाज इतका जवळ येतो की वाटतं आलंच स्टेशन. आवाज पाच वेळा आला, स्टेशन आलं नाही. सुरुवातीला पाटीवर अस्वलाचं चित्र होतं आणि 'आवाज करत चाला' अशा अर्थाचं काहीतरी, म्हणून आम्ही गणपतीच्या सगळ्या आरत्या म्हणत उतरलो, मंत्रपुष्पांजलीसकट. अस्वल आलं नाही. आलं असतं तर माझा त्या वेळचा चेहरा बघून परत गेलं असतं.

माझं मत सरळ आहे: पाऊस पडून गेला असेल तर स्तारी ह्राद सोडून द्या. कोरडं असेल तर सकाळी नऊला निघा, काठ्या घ्या, प्रत्येकी एक हेडलाईट घ्या, दुपारच्या आत खाली या. भिंती भर उन्हातही तेवढ्याच पडक्या दिसतात.

व्रात्नाला गेलो, ऊन होतं, छान झालं. तेर्खोवाहून आत शिरताना तियेस्न्यावीची चिंचोळी खिंड लागते, बसच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी दिसते. पुढे.

हुट्टरला किल्ल्याकडे नेणाऱ्या बग्गीचा प्रसंग आठवतो ना? पांढरं जंगल आणि त्यातून सुसाट जाणारी काळी गाडी. ते निगेटिव्ह तसंच वापरलंय, म्हणून झाडं पांढरी. पण मग गाडीही पांढरी दिसली असती. ती काळीच दिसावी म्हणून त्या शॉटपुरती तिला पांढऱ्यात मढवली होती. आणि तिची ती धक्के खात पळणारी चाल एकेक चौकट थांबत थांबत घेऊन आलेली. भावाला हे माहीत होतं, तरी व्रात्नाच्या रस्त्यावर त्याने फोनचे रंग उलटे करून दहा मिनिटं बस थांब्यावर घालवली. आमची बस गेली. पुढची तासाभराने.

शेवटचे दोन दिवस जर्मनी. ल्युबेकला होल्स्टेनटोअरच्या शेजारी नदीकाठी विटांची सहा जुनी मिठाची गोदामं आहेत; ओरलोक गावात जे पडकं घर विकत घेतो ते हेच. चित्रपटात खिडक्या भकास, आता आत कपड्यांचं दुकान. दहा मिनिटं पुरतात, नदीच्या पलीकडच्या काठावरून बघा. विस्मारला जास्त वेळ ठेवा. मारियनकिर्श चर्चच्या मनोऱ्यावरून घेतलेला बाजारचौकाचा शॉट चित्रपटाच्या सुरुवातीला आहे. चर्चचा बाकीचा भाग १९४५ च्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला आणि १९६० मध्ये पाडून टाकला. उरला तो एकटा मनोरा, भोवती पायाच्या रेघा.

चित्रपटही जवळजवळ असाच गेला होता. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स हिने दावा लावला. प्राना-फिल्म तोवर दिवाळखोरीत निघाली होती, आणि १९२५ मध्ये कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. तोपर्यंत काही प्रती बाहेर गेल्या होत्या म्हणून आपण हे बघतोय. भाऊ मनोऱ्याखाली उभा राहून हे सांगत होता आणि मी हातावरची पट्टी बदलत होते.

मग बंदराजवळचं वासरटोअर, जुन्या शहराचं पाण्याकडचं दार. इथूनच ओरलोक झालेला नट मॅक्स श्रेक काखेत शवपेटी धरून आत येतो. दुपारचे दीड वाजले होते. कमानीच्या शहराकडच्या बाजूवर झगझगीत ऊन, पलीकडे होडीवरून विकत घेतलेले मासे-पाव खाणारी दोन मुलं, वर सीगल टपलेले. संध्याकाळपर्यंत थांबू का, असं भावाने या वेळी विचारलं नाही. सॅक काढली, काखेत आडवी धरली आणि मान ताठ ठेवून, पापणी न हलवता कमानीतून चालत आला. मी फोटो काढला. त्याने तिथेच पायरीवर बसून फोनवर फोटोचे रंग काढून टाकले, थोडा काळोख वाढवला, आणि वरून निळं चढवलं.

रात्र झाली. मुलांच्या हातातले मासे-पाव दिसत होते, सीगल दिसत होता, आणि तरीही रात्र झाली. टॅक्सीचे त्याच्या वाट्याचे साडेबेचाळीस युरो मी तिथे सोडून दिले.