स्कालाच्या माथी मारलेली मेमरी

मीटिंगमध्ये तक्ता पडद्यावर आला तेव्हा निकाल लागूनच गेला होता. एकच सेवा जावा, कोटलिन आणि स्काला अशा तीन प्रोग्रामिंग भाषांत लिहिलेली, पुढे मेमरीचे आकडे आणि स्कालाची ओळ लालभडक. 'स्काला कैक पट मेमरी खाते, सगळं जावात पुन्हा लिहू,' असा प्रस्ताव होता. मला बोलावलं होतं ते मान डोलवायला.

आकडे कुठून काढले, हे विचारल्यावर कळलं की चालू प्रोग्रामची मेमरी दाखवणाऱ्या 'टॉप' या हुकमाच्या आरईएस कॉलममधून. म्हणजे जेव्हीएमने (या तिन्ही भाषांचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेने) ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेऊन वापरलेली सगळी जागा. त्यातलं जिवंत, म्हणजे अजून वापरात असलेलं, किती आणि कचरा म्हणून उचलायचं राहिलेलं किती, हे तो कॉलम सांगतच नाही. हीप, म्हणजे प्रोग्रामच्या वस्तू ठेवायची जागा, मोठी असेल तर जीसीला, म्हणजे हा कचरा उचलणाऱ्याला, घाई नसते, आणि एकदा घेतलेली जागा जेव्हीएम सहजासहजी परत करत नाही. वरून काही बंधन घातलं नाही तर कमाल हीप म्हणजे दिसणाऱ्या मेमरीचा पाव हिस्सा. जावा आणि कोटलिन २ जीबीच्या कंटेनरमध्ये (मेमरीची मर्यादा घातलेल्या बंदिस्त जागेत) चालवले होते, म्हणजे हीप ५१२ एमबी. स्काला थेट ६४ जीबीच्या सर्व्हरवर, म्हणजे कमाल १६ जीबी आणि सुरुवातच १ जीबीपासून. तक्त्यात याचा उल्लेखही नव्हता. आकडा छान रंगवला की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही, हा आमच्या धंद्याचा जुना रोग.

तिन्हींना एकच कमाल हीप आणि तोच लोड देऊन मी जेसीएमडी या जेव्हीएमच्या साधनाने क्लास हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या प्रकारच्या वस्तूंनी किती जागा घेतली याची यादी, काढला. हा हुकूम मोजायच्या आधी पूर्ण जीसी करतो, त्यामुळे हाती येतं ते फक्त जिवंत. फरक पुष्कळ आटला, पण गेला नाही. खरी मजा त्या उरलेल्या फरकातच होती.

"अगं, हे डॉलर-कोलन-डॉलर-कोलन काय आहे?" शेजारच्या ज्युनियरने विचारलं. स्कालाच्या यादीत सगळ्यात वर तेच होतं, खालोखाल इंटिजर. जावाच्या यादीत वर होता चौकटी कंस आणि आय, म्हणजे साधा इंटचा ॲरे, पूर्णांकांची सलग रांग.

डॉलर-कोलन म्हणजे स्कालाच्या लिस्टची एक कडी. कडीला १२ बाइटचा हेडर (जेव्हीएमची स्वतःची नोंद), आतल्या वस्तूचा ४ बाइटचा रेफरन्स (पत्ता), पुढच्या कडीचा आणखी ४. झाले २०, पण जेव्हीएम आठाच्या पटीत मोजतं, म्हणून २४. आत बसलेला आकडा उघडा इंट नाही, बॉक्स केलेला, म्हणजे वेगळ्या वस्तूत गुंडाळलेला, इंटिजर: आणखी १६ बाइट. (उणे १२८ ते १२७ पर्यंतचे इंटिजर जेव्हीएम एकदाच बनवून ठेवतं, पण आमचे आयडी कुठले एवढे लहान!) दहा लाख आकड्यांचा हिशोब केला तर इंटच्या ॲरेत ४ एमबी, इंटिजरच्या ॲरेलिस्टमध्ये (रेफरन्सच्या ॲरेवर उभ्या यादीत) साधारण २०, स्कालाच्या लिस्टमध्ये ४०.

मग मी त्या ज्युनियरला जावाची लिंक्डलिस्ट, म्हणजे जावातली कड्यांची यादी, करायला लावली. तिथे कडीत तीन रेफरन्स: वस्तू, पुढची, मागची. १२ अधिक १२, बरोबर २४. आकड्यांसकट तेच ४० एमबी! कोटलिनमध्ये इंटॲरे घेतला तर ४, लिस्ट घेतली तर पुन्हा २०. स्कालातही इंटचा ॲरे घेतला की कंपाइल होऊन तोच चौकटी कंस-आय निघतो, बाइटचाही फरक नाही.

हे सगळं मांडून मी म्हटलं, "दोष भाषेचा नाही, डेटा स्ट्रक्चरचा आहे." आमचे आर्किटेक्ट सर तक्ते कसेही करोत, प्रश्न नेमका विचारतात. म्हणाले, "मग स्कालावाल्यांपैकी एकानेही ॲरे का नाही घेतला? आणि जावावाल्यांपैकी एकानेही लिंक्डलिस्ट का नाही घेतली?"

तिथे मी अडले, आणि अजून अडलेलीच आहे. स्काला लिहिणाऱ्याचा हात आधी लिस्टकडेच जातो. भाषाच तसं शिकवते. ॲरे घालून बदललेला कोड मी रिव्ह्यूला टाकला, तर मूळ लेखकाने शेरा मारला की हे स्कालाच्या वेशातलं जावा आहे, नको. मेमरी वाचत होती हे त्यालाही मान्य होतं. आता ॲरे फक्त सगळ्यात गरम, म्हणजे सतत चालणाऱ्या, जागी आहे, आणि पुनर्लेखनाचा प्रस्ताव 'पुढच्या तिमाहीत' गेला आहे.

दरम्यान जेडीके २५ मध्ये, म्हणजे जावाच्या २५व्या आवृत्तीत, छोट्या हेडरचा पर्याय पक्का झाला. तो चालू केला की हेडर ८ बाइटचा होतो. स्कालाची कडी २४ वरून १६ वर येते. जावाच्या लिंक्डलिस्टची कडी मात्र २० वर येऊन आठाच्या पटीपायी पुन्हा २४ वरच बसते. म्हणजे कोडची एक ओळही न बदलता दहा लाखांच्या यादीत स्कालाची लिस्ट ३२ एमबी आणि जावाची लिंक्डलिस्ट ४०. नव्या जेडीकेवर गेलो की हा तक्ता पुन्हा काढायचा ठरलंय. या वेळी कॉलम मी निवडणार, आणि हीप किती दिली हे प्रत्येक ओळीत लिहिणार.