सोडणातला पालाश

गोव्यातील फोंडा तालुक्यात आमच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, न्हाणीघराची चूल होती, तोपर्यंत खताचा हिशेब कोणी मांडत नसे, कारण तो आपोआप जुळत असे. नारळ सोलला की सोडणे, म्हणजे वरची काथ्याची टरफले, चुलीशेजारी रचली जात, त्यांच्यावर भाणातले, म्हणजे मोठ्या हंड्यातले, पाणी तापे आणि चुलीतली राख आजोबा टोपलीत भरून माडाच्या आळ्यात नेऊन टाकत. मासळीची खवले, डोकी आणि धुतलेले पाणीही तिथेच जाई. पुढे घरात गॅसचा गिझर आला, सोडणे रस्त्याकडेला जळू लागली आणि आम्ही दुकानातून खताची पोती आणू लागलो.

हा बदल किती महागात पडला, ते ओल्या कचऱ्याचे खत करायला लागल्यावर मला कळले. पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र (नायट्रोजन), ३२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फेट) आणि १२०० ग्रॅम पालाश (पोटॅश) द्यावे, अशी शिफारस आहे; पोफळीसाठी हेच आकडे १००, ४० आणि १४० ग्रॅम आहेत. दोन्ही झाडांची सर्वांत मोठी भूक पालाशाची आहे आणि माडाने उचललेल्या पालाशाचा मोठा वाटा सोडणात साठतो. म्हणजे सोडण जाळून राख उघड्यावर सोडणे हे खताचे पोते पावसात फोडून ठेवण्यासारखेच आहे; त्यात म्युरिएट ऑफ पोटॅश या पालाशाच्या खतासाठी आपला देश जवळजवळ संपूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे.

स्वयंपाकघरातील कचऱ्याकडून मात्र फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत, हे मी स्वतःच्या घरचा कचरा तोलून शिकलो. पाच माणसांच्या आमच्या घरात दिवसाला साधारण एक किलो ओला कचरा निघतो. त्यातला तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो आणि उरलेल्या कोरड्या भागातलाही निम्मा कुजताना वायुरूपाने निघून जातो. तेव्हा वर्षाअखेर हाती येणारे कोरडे खत चाळीस-पंचेचाळीस किलोच्या घरात असते. त्यात नत्र एक टक्का धरले, तर ते जेमतेम एका माडापुरते होते, आणि तेही सेंद्रिय रूपात असल्यामुळे झाडाला हळूहळू, दोन-तीन वर्षांत मिळते. युरियात ४६ टक्के नत्र असते हे लक्षात घेतले, म्हणजे ‘घरच्या कचऱ्यावर बाग पोसली’ अशा गोष्टी मी जरा जपूनच का ऐकतो, ते समजेल.

माझ्या दोन चुका मात्र सांगायलाच हव्यात. पहिल्या वर्षी आजोबांची आठवण ठेवून मी राख थेट खड्ड्यात, ताज्या शेणावर आणि भाजीच्या सालींवर टाकली. राख अल्कधर्मी असल्याने शेणातले नत्र अमोनिया होऊन उडाले. नाकाला झोंबणारा जो दर्प मी ‘खत चांगले तापले’ म्हणून कौतुकाने सांगत होतो, तो खरे तर खताचाच तोटा होता. आजोबा राख वेगळी, आळ्यातच का टाकत, हे तेव्हा उमगले; आमच्या आम्लधर्मी जांभ्या मातीला ती मानवतेही. दुसरी चूक याहून मोठी होती. खड्ड्यावर छप्पर न घालता मी जून ओलांडला. पालाश हे नत्रासारखे सेंद्रिय द्रव्याच्या रेणूंत बांधलेले नसते, ते पेशींतल्या पाण्यात विरघळलेले असते, त्यामुळे पाला कुजू लागताच पहिल्या जोरदार सरींबरोबर ते वाहून जाते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. आमच्या खड्ड्यातून पाझरलेले तपकिरी पाणी पाटातून सरळ ओहोळाला मिळाले. स्फुरदाची गत वेगळी आहे. ते वाहून जाण्याऐवजी जांभ्यातल्या लोह-ॲल्युमिनियमशी घट्ट जखडले जाते. कुजलेल्या खतातली सेंद्रिय आम्ले ती पकड काहीशी सैल करतात, म्हणून खत अल्प असले तरी वाया जात नाही.

गोव्यातल्याच साळगावच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस करतात, तेव्हा मिथेनच्या रूपाने कार्बन बाहेर पडतो, पण नत्र, स्फुरद आणि पालाश उरलेल्या मळीत राहतात. ती मळी शेतापर्यंत पोहोचली, तरच चक्र पुरे झाले असे मी म्हणेन.

आता मी खड्ड्यावर पत्रे घातले आहेत, एक भाग भाजीपाल्याला दोन-तीन भाग सुका पाचोळा घालतो आणि खत पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस आळ्यात घालतो. सोडणे मात्र खड्ड्यात टाकत नाही, कारण ती कुजायला वर्षे लागतात. बुंध्यापासून दोन मीटरवर चर खणून, खोलगट बाजू वर ठेवून, ती थरांनी पुरतो. ती पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि त्यांच्यातला पालाश निथळला, तरी माडाच्या मुळांशीच निथळतो. शेजारच्या काकी अजून अंगणात भाण तापवतात; त्यांच्या चुलीतली राख मी दर रविवारी मागून आणतो.