शेजारच्या टेबलावर ऐकू गेलेला शब्द

आज जेवणाच्या सुट्टीत एका सहकाऱ्याने, माघार घेणाऱ्या दुसऱ्याला हिणवण्यासाठी, 'छक्का' हा शब्द सहज वापरला आणि शेजारच्या टेबलावरच्या आमच्या पारलिंगी (ट्रान्सजेंडर) सहकारी महिलेचा घास हातातच थांबला. तिने डबा बंद केला, झाकणाच्या दोन्ही कड्या नीट लावल्या आणि ती उठून गेली.

संध्याकाळी मी तिची क्षमा मागितली, कारण तेव्हा मीही गप्प बसले होते. 'छक्का' ही शिवीच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. 'हिजडा' या शब्दाचे मात्र तसे नाही: पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात तो आहे, त्याच हक्कांसाठी २०१९ मध्ये संमत झालेल्या कायद्याच्या व्याख्येत तो किन्नर, जोगता यांच्यासोबत ओळख म्हणून येतो, आणि गुरू-चेल्यांच्या घराण्यांत राहिलेल्या अनेकजणी तो अभिमानाने स्वतःसाठी वापरतात, पण रस्त्यावरून कोणी तोच शब्द ओरडला की ती शिवी होते, असे ती म्हणाली. तिला स्वतःला 'तृतीयपंथी'ही नको वाटते, कारण ती स्वतःला तिसरी कोणी नव्हे, तर स्त्री मानते. मग काय म्हणायचे, असे मी विचारले, तेव्हा तिने आपले नाव सांगितले, जे मला वर्षभर ठाऊक होते.

त्या सहकाऱ्याशी मी उद्या बोलणार आहे.