२२ मिनिटांची राइड, १८ दिवसांचा नंबर

आधी एक सांगून टाकतो, नाहीतर विसरेन. फ्लोरिडाच्या थीम पार्कचं तिकीट एजंटकडून घेणार असाल तर 'कन्फर्मेशन' मागू नका, तिकिटाचा नंबर मागा. तो पार्कच्या ॲपमध्ये स्वतः टाकून बघा आणि ॲपने घेतला तरच उरलेले पैसे द्या. मी सगळे आधीच देऊन बसलो होतो.

गोष्ट २०१७ ची. ऑरलँडोजवळच्या डिस्नीज हॉलिवूड स्टुडिओजमध्ये 'द ग्रेट मूव्ही राइड' होती, ती बाबांना दाखवायची होती. बाबांचा निम्मा पगार इंग्रजी पिक्चरच्या मॅटिनीत जायचा, असं आई सांगायची. राइड १९८९ ची, पार्क उघडला तेव्हापासूनची. बाहेरून हॉलिवूडच्या चायनीज थिएटर या जुन्या सिनेमागृहाची नक्कल, आत गाडीत बसून जुन्या पिक्चरच्या सेटमधून २२ मिनिटं फिरायचं. व्हिसा, विमान, सुट्ट्या सगळं सुरळीत झालं.

त्या वेळी फास्टपास असायचा. दिवसाला तीन राइडच्या वेळा आधीच फुकट राखता यायच्या, मग त्या राइडला वेगळ्या, छोट्या रांगेतून जायचं. पार्कच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना ६० दिवस आधी, आमच्यासारख्यांना ३०. आमचा पार्कचा दिवस ९ ऑगस्ट, म्हणजे बुकिंग १० जुलैला तिकडच्या सकाळी सातला, आपल्या दुपारी साडेचारला. मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून एजंटने पाठवलेला नंबर टाकला. ॲप म्हणालं, असं तिकीट नाही. परत टाकला. शून्य की ओ, म्हणून दोन्ही करून पाहिलं.

एजंटला फोन. "सर, ते व्हाउचर आहे, तिथे काउंटरवर बदलून मिळेल." पण फास्टपास आज घ्यायचाय त्याचं काय? "होऊन जाईल सर."

हे 'होऊन जाईल' मी पुढे किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. १५ जुलैला बातमी आली की राइड १३ ऑगस्टला कायमची बंद होणार. आमच्या भेटीनंतर चारच दिवसांनी! आता सगळी दुनिया शेवटचं बघायला तिथे धावणार आणि मी व्हाउचर हातात घेऊन बसलेलो. रोज फोन. एक दिवस सिस्टिम स्लो, एक दिवस साहेब बाहेर, एक दिवस "वरून आलं की लगेच पाठवतो". हे 'वरून' म्हणजे कुठून, हे विचारायचं मला पंधरा दिवस सुचलं नाही, याचाच जास्त राग येतो.

विचारलं तेव्हा कळलं की एजंटने तिकिटं दुसऱ्या एजंटकडून घेतली होती आणि त्याने तिसऱ्याकडून. तिसऱ्याकडे आमची फाइल थांबलेली, कारण मुलीच्या पासपोर्टची कॉपी अस्पष्ट होती. स्पष्ट कॉपी पाठवा, एवढं एक वाक्य तिघांपैकी कुणीही मला कळवलं नव्हतं. मी तिसऱ्याचा ईमेल पत्ता काढला, कॉपी पाठवली, पहिल्या दोघांना सीसीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी, २८ जुलैला, चारही नंबर आले. ॲपने पहिल्या फटक्यात घेतले. १८ दिवस!

अर्थात तोवर राइडच्या सगळ्या वेळा गेलेल्या. पण लोक रद्द करत असायचे, त्यामुळे येताजाता ॲप उघडून बघायचं. एका रात्री पावणेदोनला दोघांपुरती जागा दिसली. बाबांच्या आणि माझ्या नावावर लगेच घेतली.

९ ऑगस्टला बायको आणि मुलगी साध्या रांगेत, बाबा आणि मी ऐटीत फास्टपासच्या. (ऑगस्टमध्ये तिथे दुपारी धो धो पाऊस येतो, रेनकोट न्या. आत एसी कडक, म्हाताऱ्यांना शाल.) बाहेर अंगणात सिमेंटमधले नटनट्यांच्या हातांचे ठसे बाबा वाकून वाचत बसले. शेवटी मीच घाई केली. आत एका छोट्या थिएटरात जुन्या पिक्चरची झलक दाखवायचे, तिथे दोन्ही रांगा एक व्हायच्या. मागे वळून बघतो तर बायको आणि मुलगी! आम्ही ठसे वाचत बसलो तेवढ्या वेळात त्यांनी आम्हाला गाठलं होतं. चौघंही एकाच गाडीत बसलो. बायको काही बोलली नाही, नुसती हसली. मी अजूनही म्हणतो की फास्टपास घेतला हे बरोबरच केलं.

राइड मात्र झकास. 'सिंगिन इन द रेन'मधला, दिव्याच्या खांबाला लटकलेला जीन केली, छतांवरची मेरी पॉपिन्स. मग एक गुंड गाइडला हाकलून आमची गाडीच पळवतो. काउबॉय पिक्चरवाल्या जॉन वेनच्या घोड्यावरच्या पुतळ्याकडे बाबांनी निरखून पाहिलं. "हा आमच्या बँकेतल्या हेडकॅशियरसारखा दिसतो रे." छतातून एलियन आला तेव्हा मुलगी किंचाळली, 'कॅसाब्लांका' पिक्चरमधल्या विमानापाशी बाबा एकदम गप्प झाले. सोबतचा आवाज अमेरिकन टीव्हीवर जुने पिक्चर सादर करणाऱ्या रॉबर्ट ऑस्बोर्न यांचा, जे त्याच वर्षी मार्चमध्ये गेले होते. हे बाबांनीच मला सांगितलं, मला कुठलं माहीत.

१३ तारखेला राइड बंद झाली. १४ ला पहिल्या एजंटचा मेसेज आला: "सर, मुलीच्या पासपोर्टची क्लिअर कॉपी पाठवता का? तिकिटाचं काम अडलंय."