आमची वाटचाल: सात-पाचची परीक्षा

दादांनी नारायण पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं १९५४ साली. पुणे आकाशवाणी त्याच्या आदल्या वर्षी, २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाली होती. त्याआधी पुण्यात मराठी ऐकायचं म्हणजे मुंबई केंद्र पकडायची खटपट. एरियल म्हणून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणायची, अर्थिंगची तार नळाला बांधायची, तरी दुपारी खरखरच. गावातच केंद्र आल्यावर साधा सेटही खणखणीत वाजू लागला आणि रेडिओ घेणारे वाढले. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर गीतरामायण चाललं. तेव्हा दुकानात एकच बोली असायची: पुढच्या गाण्याच्या आत सेट हातात पाहिजे!

मग १२ जुलै १९६१. पानशेतचं पाणी दुकानात शिरलं आणि होतं नव्हतं ते भांडवल गेलं. पण पुढचे कित्येक महिने अख्ख्या पेठांचे चिखलाने भरलेले रेडिओ आमच्याकडेच येत होते. दादा ते आधी स्वच्छ पाण्याने धुवायचे (गिऱ्हाईक हबकायचं), मग गच्चीवर उन्हात वाळवायचे. ट्रान्सफॉर्मरमध्ये ओल राहिली तर सेट लावल्याबरोबर जळणार, म्हणून घाई करायची नाही. स्पीकरचे कागदी कोन मात्र लगदा होऊन गेलेले, ते बदलावेच लागत. पुरात बुडालेलं दुकान पुराच्याच कामावर उभं राहिलं.

ट्रान्झिस्टर आले तशी मी दुरुस्तीच्या बाकावर बसायला लागलो. पुढे पुण्याहून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी प्रादेशिक बातम्या लागू लागल्या आणि दादांनी नियम केला. दुरुस्त केलेला सेट रात्री द्यायचा नाही. रात्री मध्यमलहरी (मीडियम वेव्ह) वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून लांब जातात, कुठलंही स्टेशन ऐकू येतं आणि मरतुकडा सेटही शहाणा वाटतो. सकाळी सात-पाचला ७९२ किलोहर्ट्झवर, म्हणजे पुणे केंद्रावर, बातमी स्वच्छ आली, तरच पास. हडपसरच्या गिऱ्हाइकांचं दुखणं उलटं. ट्रान्समीटर शेजारी, त्यामुळे साध्या सेटवर काटा कुठेही नेला तरी पुणेच!

टीव्ही, टेप, एफएम यांनी काय केलं ते सगळ्याच दुकानांचं सारखं आहे. आम्ही मिक्सरच्या मोटारींना नवी तार भरली, इस्त्र्या दुरुस्त केल्या, दिवस काढले. आता जुने व्हॉल्व्हचे सेट दिवाणखान्यात ठेवायला येतात. "आत ब्लूटूथ बसवून द्या," म्हणतात. बसवतो, पण काढलेले व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या) आणि गँग (स्टेशन लावायचा भाग) पिशवीत घालून परत देतो. नातवाला कधी सुचलं तर असावेत.

खरा रेडिओ ऐकणारी माणसं अजून येतात, तक्रार एकच: खरखर. गेल्या महिन्यात एक आजी दुसऱ्यांदा आल्या. माझ्याकडे सेट नीट, त्यांच्याकडे नुसता आवाज. शेवटी घरी गेलो. कपाटावर सेट, त्याच्या डोक्यावर नवी एलईडी ट्यूब, बाजूला मोबाईलचा स्वस्त चार्जर. दोन्ही बंद केले, सेट जरासा फिरवला, कारण आतली फेराइटची कांडी, म्हणजे सेटचा आतला एरियल, एका दिशेलाच नीट ऐकते. निवेदिका एकदम खोलीत आल्यासारखी बोलायला लागली.

आजींनी पाकीट काढलं. पैसे कशाचे घेणार, ट्यूब बंद केल्याचे? चहा घेतला आणि निघालो.